काचेचा उजवा कोपरा

आमच्या दुकानात कोणी आलं की भाऊ त्याला आधी नळ दाखवत. बसा, चहा घ्या, हे सगळं त्यानंतर. नळ दाराशेजारी बाहेरच्या भिंतीला होता. बाजूच्या खिळ्यावर एक पंचा, आणि जाळीच्या पिशवीत साबणाची वडी. चित्रं काढायच्या टॅबच्या जवळ यायचं तर हात धुऊन, कोरडे करून यायचं. हा नियम नाटक कंपनीच्या मालकाला होता, चहावाल्याला होता आणि आमच्या शेठनाही होता. शेठ कधी कुरकुरले तर भाऊ म्हणत, दुकान तुमचं आहे, पण काच माझी आहे.

ते खरंच होतं. टॅब दुकानाचा नव्हता, भाऊंचा होता. सकाळी ते तो सुती ओढणीच्या दोन घड्यांत गुंडाळून, छातीशी धरून घरून आणत आणि संध्याकाळी तसाच परत नेत. सायकल चालवता येत असूनही पायी येत, कारण सायकलला हादरे बसतात.

दुकान वडशात, स्टेशनच्या रस्त्याला. पोस्टर, बॅनर, आमंत्रणपत्रिका असं सगळं तिथे छापून मिळायचं. पण दुकान चालायचं ते नाटकांवर. दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, गावागावांत नाटकं लागतात आणि होळीपर्यंत कंपन्यांना रोज नवं पोस्टर हवं असतं. मी गोंडपिपरीहून आलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली पोरगी. माझं काम अक्षरांचं. नाटकाचं नाव, नटनट्यांची नावं, गावाचं नाव, मंडळाचं नाव. भाऊंचं काम चेहऱ्यांचं. बाकी दुकानांत फोटो कापून चिकटवत. आमच्याकडे भाऊ टॅबवर पेनानं चेहरे काढत, म्हणून कंपन्या आमच्याकडे येत आणि आल्यावर मुकाट्यानं नळावर जात.

भाऊ म्हणजे उंच माणूस, खांद्यातून वाकलेला. त्यांच्या शर्टाच्या बाह्यांना बटणं नसत. नवा शर्ट घेतला की पहिल्यांदा बाह्यांची बटणं कापून टाकत आणि तिथे कापडाचा बंद शिवत. वाकून काम करताना मनगटाचं बटण काचेवर घासतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. वरचा खिसा कायम रिकामा. हातात घड्याळ नाही, अंगठी नाही. काम करताना उजव्या हाताला एक विचित्र मोजा घालत. जुन्या बनियनचं मऊ कापड घेऊन त्यांनी तो स्वतःच शिवला होता. त्यात फक्त करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जायचं, आणि तळहाताची कड झाकली जायची. बाकी तीन बोटं मोकळी, पेन धरायला. पहिल्या दिवशी तो मोजा बघून मला वाटलं, यांचा हात भाजला असेल. मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "नाई बाई, हात बरा हाये. काच भाजू नये म्हनून घालतो."

आमच्या मागच्या गल्लीत राईस मिल होती. वडशात राहणाऱ्याला मिल काही नवीन नाही, पण हंगामात ती सुरू झाली की तुसाची बारीक धूळ सगळ्या गल्लीत उडायची. टेबलावर बोट फिरवलं तर रेघ उमटायची. ही धूळ भाऊंची वैरीण. मिलचा पट्टा फिरायला लागल्याचा आवाज आला की ते उठून दार लावून घेत, खिडकी लावत आणि पंखासुद्धा बंद करत. मग आम्ही दोघं घामानं भिजत काम करायचो. त्यांनी एका जुन्या रिक्षाच्या भोंप्याचा रबरी फुगा काढून ठेवला होता. काचेवर धूळ दिसली की आधी त्या फुग्यानं हवा मारायची, फस् फस्, आणि धूळ उडाल्यावरच कापड लावायचं. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. आधी पुसायचं तर नाहीच नाही.

एकदा मी घाईत तशीच पुसायला गेले, तर त्यांनी माझं मनगट हलकेच धरलं आणि समजावून सांगितलं. एरवी कमी बोलणारा माणूस, पण या विषयावर मोकळा व्हायचा. म्हणाले, "लोक म्हनते पेनानं काच खराब होते. पेनाचं टोक त प्लास्टिकचं, नरम हाये. पेन आन काच याच्या मधात जे बारीक काई येऊन बसते ना, ते खराब करते. ते आधी उडवाचं. मंग कितीबी लिही."

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ते पेनाचं टोक खालच्या ओठावरून फिरवत. बोटाला जो खरखरीतपणा कळत नाही तो ओठाला कळतो, असं त्यांचं म्हणणं. टोक एका बाजूनं झिजून धार आली असेल तर लगेच बदलत. गिऱ्हाइकांना हा प्रकार पूजेसारखा वाटे. एक कंपनीमालक तर त्यांना टॅबला हळदकुंकू कधी लावता म्हणून चिडवायचे.

गिऱ्हाइकांवरून आठवलं. खलनायकाचं काम करणारे एक नट होते, आमच्या भागात मोठं नाव. पाची बोटांत अंगठ्या. पोस्टरवर आपल्या मिशा जरा जाड करा, हे सांगायला ते आले आणि बोट काचेवर टेकवणार तोच भाऊंनी टॅब मागे ओढला. अंगठ्या काढा म्हणाले. नटांनी सांगितलं, यातल्या दोन ज्योतिषानं घातल्या आहेत, काढता येणार नाहीत. भाऊंनी थोडा विचार केला, आत गेले आणि कोंबडीचं एक पांढरं पीस घेऊन आले. "यानं दाखवा," म्हणाले. रंगमंचावर डोळे फिरवले की बायापोरं घाबरतात असा तो माणूस, दोन बोटांत पीस धरून, हळूच आपल्या मिशा दाखवत होता. मी मॉनिटरच्या मागे तोंड लपवलं. पुढे ते पीस दुकानात कायमचं राहिलं आणि सगळी गिऱ्हाइकं त्यानंच चुका दाखवू लागली.

आधी भाऊ पडदे रंगवायचे. नाटकाच्या मागे सोडतात ते मोठे कापडी पडदे. राजवाडा, रस्ता, जंगल, गरिबाचं घर. मी त्यांचा एकच पडदा पाहिला, शेठच्या गोदामात गुंडाळून ठेवलेला, जंगलाचा. तो अर्धा उलगडून आम्ही बघत होतो तेव्हा भाऊंनी त्याची गोष्ट सांगितली. तो पडदा पहिल्यांदा धानोऱ्याकडच्या एका गावात लागला होता. दुसऱ्या दिवशी गावातली माणसं कंपनीच्या मॅनेजरला म्हणाली, हे कोणत्या देशाचं जंगल आहे, यात मोहाचं झाडच नाही. भाऊंना हे कळल्यावर ते एसटीनं त्या गावात गेले, दोन दिवस एका घरी राहिले, मोहाची झाडं बघत बसले आणि परत येऊन पडद्यावर मोह काढला. "पडदा मोठ्या मनाचा असते," ते म्हणाले. "चुकलं त वरून रंग मारा, विसरून जाते. काच काई विसरत नाई."

फ्लेक्स आला तसे पडदे बंद झाले. भाऊ काही दिवस दुकानांच्या पाट्या रंगवत होते, मग तेही बंद झालं. तेव्हा त्यांच्या मुलीनं आपला टॅब त्यांना दिला.

मुलगी हैदराबादला होती. ती लहान असताना तिची आई गेली आणि भाऊंनी तिला एकट्यानं वाढवलं. पडदा जमिनीवर पसरून ते रंगवायला बसत तेव्हा ही दुसऱ्या टोकाला बसून गवत काढायची. भाऊ म्हणत, माझ्या सगळ्या पडद्यांमधलं गवत तिचंच आहे. पुढे ती नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात गेली, तिथे जुना टॅब घेतला, त्यावर शिकली आणि हैदराबादला कार्टूनच्या कंपनीत नोकरीला लागली. तिथे नवा टॅब मिळाला तेव्हा जुना वडशाला आणून बापाच्या हातात दिला. आठ दिवस शेजारी बसून शिकवलं. हे सगळं मला शेठनी सांगितलं. भाऊ मुलीबद्दल फार बोलत नसत. फक्त रोज काम संपलं की त्या दिवसाचं पोस्टर फोनवर तिला पाठवत. नुसतं चित्र, सोबत शब्द नाही. तिकडून एक अंगठा यायचा. तो अंगठा आला की भाऊ टॅब गुंडाळायला घेत. आला नाही तर थोडा वेळ बसून राहत.

ती का येत नाही, हे मी विचारत नव्हते. मीही घर सोडून आले होते आणि कोणी मला असलं काही विचारलेलं मला आवडत नसे.

माझ्या दुसऱ्या हंगामात शेठ फार वैतागले. कामं तुंबली होती आणि मिल दिवसभर चालू होती. दर थोड्या वेळानं फुगा, कापड, पेनाची तपासणी. शेठ म्हणाले, अरे बाबा, मोबाईलच्या दुकानात काचेवर लावायचा गार्ड मिळतो, पातळ पापुद्र्यासारखा. तो एकदा लावला की ओरखडे पडतील ते त्याच्यावर, काच तशीच राहील, मग ही सगळी कटकट कशाला? भाऊ म्हणाले, गार्ड नको. का नको, ते सांगितलं नाही. शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, तूच समजाव.

मी समजावलं नाही. मी सरळ स्टेशनजवळच्या दुकानातून त्या मापाचा गार्ड घेऊन आले. वाटलं, भाऊ संकोच करत असतील, आपणच लावून देऊ, खूश होतील. ते जेवायला बसले होते. मी हात धुतले, फुग्यानं हवा मारली, सगळं त्यांच्याच पद्धतीनं केलं, आणि गार्डच्या मागचा कागद सोलायला सुरुवात केली. तेवढ्यात भाऊ डबा तसाच टाकून आले. खरकट्या हातानं टॅबला शिवता येईना, म्हणून माझ्या आणि टॅबच्या मधे नुसतेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"नको लावू," म्हणाले. "मी सांगतो तुले."

हात धुऊन आले. टॅब उचलून दाराशी नेला, उन्हात तिरपा धरला आणि मला जवळ बोलावलं. काच साफ होती, एकही चरा नव्हता. मग त्यांनी तो आणखी थोडा कलता केला आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात मला दिसलं. अगदी बारीक, सुईच्या टोकानं काढल्यासारखे गोल गोल चरे. एकावर एक, एकात एक, पाण्यात भोवरे फिरावेत तसे. दोन बोटं ठेवली तर झाकून जाईल एवढी जागा, पण भरलेली.

भाऊंनी सांगितलं, हे तिचं. चित्र सुरू करायच्या आधी पेन चालतं की नाही ते बघायला ती त्या कोपऱ्यात एक गोल फिरवायची. प्रत्येक चित्राच्या आधी, कॉलेजची सगळी वर्षं. पेनाचं टोक झिजलं तरी बदलायची नाही. तिला सवय होती आणि सवय आहे हे तिला माहीतही नव्हतं.

"गार्ड लावला की हे दिसत नाई," ते म्हणाले. "त्याचा चिक या चऱ्यात भरते आन काच नव्यासारखी होते. मी एकदा दुसऱ्याच्या मोबाईलवर पाह्यलं तसं. आन मी बिना गार्डचं जपलं नाई त माहे चरे तिच्यात जातीन. मंग कोनतं माहं आन कोनतं तिचं, मले कसं समजीन?"

मी गार्डचा कागद परत चिकटवून तो कप्प्यात ठेवून दिला. शेठना सांगितलं की मापाचा मिळाला नाही.

त्या दिवसानंतर भाऊ माझ्याशी थोडं बोलू लागले. मुलीनं तिकडे सोबतच्या एका मुलाशी लग्न केलं होतं. आधी सांगितलं नाही. लग्न झाल्यावर फोन केला. टॅब येऊनही काही दिवस झाले होते, पण एका जुन्या गिऱ्हाइकाच्या आग्रहासाठी भाऊ तेव्हा शिडीवर चढून त्याच्या दुकानाची पाटी रंगवत होते. तिनं सगळं सांगितलं आणि थांबली. भाऊ म्हणाले, "बरं." बस, एवढंच. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला. त्यानंतर चित्र जायचं आणि अंगठा यायचा, दुसरं काही नाही.

मी विचारलं, तुम्हाला राग आला होता का?

"राग काऊन येईन? मले शब्दच सुचला नाई बाई. खुशीचाबी नाई सुचला. शिडीवर होतो. उतरून मंग सांगतो म्हटलं मनात. उतरलो तं फोन बंद झाला होता."

"मग पुन्हा करायचा ना."

"करतो करतो म्हनता म्हनता बोलाची हिंमतच सरली." एवढं म्हणून ते पेनाचं टोक ओठाला लावून बघत बसले.

त्याच हंगामाच्या मधे भाऊ टॅबच्या फार जवळ वाकून काम करायला लागले. कधी रेघ चुकायची, पुसून परत काढायचे. मी म्हटलं, चष्मा बदला. ते म्हणाले, हंगाम संपला की बघू. पोस्टर जात होती, कंपन्या खूश होत्या, कोणाला काही खटकलं नाही. मलाही नाही.

एका दुपारी दुकानात एक मुलगी आली. पाठीवर मोठी बॅग, केस बारीक कापलेले, चेहरा प्रवासानं सुकलेला. मी विचारलं काय हवंय, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. भाऊ वाकून एका नायिकेचा पदर काढत होते. तिनं हाक मारली, "बाबा."

भाऊंनी वर पाहिलं. पेन हातात तसंच. मला वाटलं, आता उठतील. त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. मग म्हणाले, "हात धुवून ये."

ती वळली आणि नळावर गेली. आम्हाला तिची फक्त पाठ दिसत होती. नळ सुरू झाला आणि कितीतरी वेळ सुरूच राहिला. हात धुवायला एवढं पाणी लागत नाही. भाऊ खुर्चीत बसून त्या आवाजाकडे कान लावून होते. मोजा घातलेला हात त्यांनी मांडीवर ठेवला होता.

ती पंच्याला हात आणि तोंड पुसून आली, माझं स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली आणि पहिलाच प्रश्न केला.

"डाव्या डोळ्यानं दिसते का तुमाले?"

भाऊ म्हणाले, जरा धुरकट दिसतं.

"जरा नाई. महिना झाला मी पाहून राह्यली. तुमच्या पोस्टरमधल्या सगळ्या बायांचा एक डोळा खाली उतरला हाये. तुमी असे डोळे कधीच काढत नव्हते."

भाऊंनी टॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मीही मॉनिटरवर आदल्या दिवशीचं पोस्टर उघडलं. ती म्हणत होती ते खरं होतं. किंचितच, पण खरं. रोज छापत होतो आम्ही ते.

"तू अंगठा देत होती," भाऊ म्हणाले. "मले वाटलं, पाहात नसशीन."

"पाह्यल्याशिवाय अंगठा नाई दिला मी एकबी दिवस."

मी चहा सांगायच्या निमित्तानं उठले. दारातून बाहेर पडताना तिचं बोलणं कानावर आलं. ती म्हणत होती की तुम्ही नुसतं बरं म्हणालात, मला वाटलं तुम्ही मला सोडलं. आणि भाऊ तिला शिडीची गोष्ट सांगू लागले. मी चहा घेऊन परत आले तरी ती गोष्ट संपली नव्हती. एवढीशी गोष्ट, पण ते कोणत्या पाटीवरचं कोणतं अक्षर रंगवत होते इथपासून सांगत होते, आणि ती ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना ब्रह्मपुरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मोतीबिंदू पिकला होता. तिनं रजा वाढवली, डोळ्याचं ऑपरेशन करवलं, आणि तेवढे दिवस आमच्या दुकानात येऊन भाऊंच्या खुर्चीत बसून त्यांची पोस्टर तिनं काढली. भाऊ हिरवी पट्टी बांधून कोपऱ्यात बसत. तिचा हात कसा चालतो ते बघायचं असायचं त्यांना, पण एका डोळ्यानं किती दिसत होतं कोण जाणे. मी मात्र पाहत होते. चित्र सुरू करण्याआधी ती आता कोपऱ्यात गोल फिरवत नव्हती. ती सवय गेली होती.

ती जायच्या आदल्या दिवशीची दुपार. शेवटचं पोस्टर संपवून तिनं बॅगेतून एक पाकीट काढलं. म्हणाली, येताना बाबांसाठी आणलं होतं, द्यायचं राहिलं. गार्ड होता. आमच्या स्टेशनजवळ मिळतो तसला चकचकीत नाही, दुधाळ रंगाचा, कागदासारखा खरबरीत. ती मला समजावून सांगायला लागली. काच गुळगुळीत असते, त्यावर म्हाताऱ्या माणसाचं पेन घसरतं. यावर घसरत नाही, कागदावर पेन्सिल धरल्यासारखं वाटतं, आणि ओरखड्यांची भीती कायमची गेली. मग टॅब उचलून पुसता पुसता थांबली. "या कोपऱ्यात किती घासलं हाये हो बाबा. हे कधी झालं?"

मी तोंड उघडलं. भाऊंनी पट्टी नसलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी थोडी, मला कळेल एवढीच.

"जुनं हाये," ते तिला म्हणाले.

तिनं फुग्यानं हवा मारली. कापड एका दिशेनं फिरवलं. कागद सोलून गार्ड एका कडेनं टेकवला आणि सोबत आलेल्या कार्डाच्या कडेनं हवा बाहेर सारत सारत वरून खाली आली. सगळ्यात शेवटी उजवा कोपरा. तिथे अंगठा ठेवून तिनं दाबला. मी भाऊंकडे पाहू शकले नाही. तिनं टॅब त्यांच्या हातात दिला. ते उठून दाराशी गेले, उन्हात तिरपा धरला, थोडा कलता केला, आणि तसेच थोडा वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "छान झालं. आता घसरनार नाई."

ती गेल्यावर, पट्टी सुटून भाऊ कामावर आल्यावर, शेठ नाहीत असं बघून मी त्यांना सांगितलं. गार्ड अलगद निघतो, थोडं गरम केलं की डाग राहत नाही. मी काढून देते. खाली सगळं तसंच असेल.

ते पेन हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "नको बाई. तिनं लावला हाये."

गार्डमुळे एक गोष्ट झाली, जी कोणीच ठरवली नव्हती. काचेवर पेनाचा आवाज येत नसे. या कागदी गार्डवर खरखर यायची, शाळेत पाटीवर लिहिताना यायची तशी, पण नाजूक. एक दिवस दुपारी मुलगी भाऊंशी फोनवर बोलत होती. बोलणं संपलं आणि फोन ठेवायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. भाऊंनी फोन रंगाच्या रिकाम्या डब्याला टेकवून ठेवला आणि काम सुरू केलं. थोड्या वेळानं तिकडून आवाज आला, "बाबा, काय काढून राह्यले? केस का?" भाऊ केसच काढत होते. लांब रेघांची खरखर वेगळी येते, ते तिनं ओळखलं. आणि तिच्याकडूनही तसाच आवाज येत होता, कारण तिच्या टॅबवरही तोच गार्ड होता.

मग तीच रीत पडली. दुपारचं जेवण झालं की फोन यायचा. जेवला का, जेवलो, एवढंच बोलणं. नंतर फोन डब्याला टेकून चालू. इकडे खरखर, तिकडे खरखर. कधी तासभर कोणी शब्द बोलायचं नाही. मी अक्षरं जुळवत बसायचे आणि मला वाटायचं, आपण या दोघांच्या घरात बसलो आहोत. आता मला वडसा आठवतो तो त्या दुपारींसाठी. मिल चालू असायची, पण दार उघडं असायचं. भाऊ आता दार लावत नसत. त्यांच्या बाह्यांना मात्र शेवटपर्यंत बटणांऐवजी कापडी बंदच राहिले.

पुढे माझं लग्न झालं आणि मी चंद्रपूरला आले. इथे घरूनच टायपिंगची कामं घेते. वडशाला जाणं होईना. दर हंगामात म्हणायचे, यंदा एक चक्कर टाकू. भाऊ फोन करत नसत, पण पोस्टर मलाही यायला लागलं होतं, आणि मीही अंगठा द्यायचे, नीट बघून. गेल्या हिवाळ्यात हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि पोस्टर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. मी शेठना फोन केला. शेठ म्हणाले, तुला सांगायचं राहून गेलं, पोरी. छातीत दुखलं, ब्रह्मपुरीला दवाखान्यात नेईपर्यंत राहिले नाहीत.

मला लगेच निघता आलं नाही; मी वडशाला गेले तोवर सगळं आटोपलं होतं. मुलगी आणि जावई घराला कुलूप लावून हैदराबादला परतले होते. भाऊंच्या खुर्चीवर शेठनी छापील कागदांचे गठ्ठे ठेवले होते. बाहेर नळ होता, पंचा नव्हता.

त्यानंतर काही आठवड्यांनी, दुपारी, मी भांडी आवरून कामाला बसले होते तेव्हा भाऊंच्या मुलीचा फोन आला. माझा नंबर तिनं शेठकडून घेतला होता. जेवलीस का, म्हणाली. मी म्हटलं, जेवले. तू? तीही जेवली होती. मला वाटलं, ती आता काही विचारेल, भाऊंबद्दल, शेवटच्या दिवसांबद्दल. मी मनात जुळवाजुळव करू लागले.

ती म्हणाली, "तू तुझं काम कर. फक्त फोन ठेवू नको. चालू राहू दे थोडा वेळ."

मी फोन की-बोर्डच्या बाजूला ठेवला आणि टाइप करायला लागले. थोड्या वेळानं तिकडून खरखर ऐकू यायला लागली. आधी तुटक, मग लांब. गवत काढत असावी.